‘दीक्षा’ भांडारातील शोध

५ सप्टेंबर २०१७ रोजी खुल्या झालेल्या ‘दीक्षा’ या शैक्षणिक भांडारात नुसता ‘अपूर्णांक’ शब्द टाकल्यास अनेक इयत्तांचे साहित्य पुढ्यात येते व तासिका शोधण्यातच सरते. म्हणून शिक्षकबंधुभगिनींनी प्रथम मंडळ, माध्यम व इयत्ता निवडावी. मराठी शब्दाने न गवसल्यास इंग्रजी शब्द योजावा. साहित्यास नाव देणाऱ्याने कोणता शब्द वापरला असेल, हे ताडणे हेच यातील खरे कौशल्य होय. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकातील क्यूआर संकेत हा त्याहूनही जवळचा मार्ग. भामरागड, जिवतीकडील शिक्षकांनी संपर्क मिळेल तेथेच साहित्य उतरवून घ्यावे. वर्गात माडिया बोलणारी बालके असल्यास चित्रफीत आधी स्वतः पाहावी आणि तीतील कोणते शब्द माडियातून सांगावे लागतील, ते टिपून ठेवावे.