नातवंडांना कधी बोलवायचं?

शिनोलीत रक्तदाब तपासायला येणारी आजोबा-आजी मंडळी हल्ली एक प्रश्न हमखास विचारतात. मुलगा-सून किंवा लेक-जावई नातवंडांना घेऊन परदेशातून यायचं म्हणतात, तर त्यांनी कधी यावं? थोडक्यात उत्तर हवं असेल तर नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. पण हे उत्तर ऐकून कोणी तिकीट बदलत नाही. तारीख ठरते ती लग्नाने, यात्रेने आणि तिकडच्या शाळेच्या सुट्टीने. म्हणून आज तिकीट काढणाऱ्यांपेक्षा मुहूर्त काढणाऱ्यांशी, म्हणजे तुमच्याशीच बोलतो.

आधी मे महिना. आपल्याकडे दुपारी पारा ३८-४० अंशांच्या घरात जातो. शरीराला उन्हाची सवय व्हायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. तेवढ्या काळात घाम लवकर आणि जास्त सुटू लागतो, त्यातून मीठही कमी जातं. थंड देशात वाढलेलं मूल तीन आठवड्यांसाठी आलं, तर निम्मी सुट्टी ही सवय होण्यातच सरते. मुलाचे बाबा म्हणतात, "आम्ही याच उन्हात दिवसभर क्रिकेट खेळायचो." खेळायचात, खरं आहे. पण ती सवय काही आठवड्यांत मोडते. पंधरा वर्षं बाहेर राहिलेल्या बाबांचं शरीर इथल्या उन्हाला आता तितकंच नवखं असतं.

लग्नाच्या मांडवात तर धोका दुप्पट. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघरला उघड्या मैदानावरच्या कार्यक्रमानंतर उष्माघाताने १४ जणांचे प्राण गेले. तिथे पारा चाळीसच्या आतच होता. दमट हवा आणि तासन्‌तास उन्हात बसणं एवढ्यानेच घात केला. भर दुपारचा मुहूर्त असेल तर लहान मुलं, गरोदर सुना आणि लघवी जास्त होण्याच्या गोळ्या घेणारी वडीलधारी माणसं यांना वरातीत चालवू नका. अक्षतांपुरतं आणलंत तरी पुरे. कोणी असंबद्ध बोलू लागलं, अंग भट्टीसारखं तापलं, तर पाणी पाजत बसू नका. सावलीत घेऊन कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन करा.

मग आपण मेमध्ये का बोलावतो? लग्नं, यात्रा आणि आंबा. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तिकडे नाताळची सुट्टी असते, हवा उत्तम असते, पण बऱ्याच वर्षी तोवर पौष लागलेला असतो आणि पौषात आपण लग्न धरत नाही. पंचांग हा माझा प्रांत नाही, तरी एक सुचवतो. ज्या वर्षी अधिक महिना येऊन गेलेला असतो, त्या वर्षी मार्गशीर्ष पुढे सरकतो. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ असल्याने मार्गशीर्ष जानेवारी २०२७ च्या पहिल्या आठवड्यापर्यंत आहे. वास्तुशांत, सहस्रचंद्रदर्शन, साठीशांत असली कार्यं अशा वेळी बसतात का, हे गुरुजींना विचारून पाहा. आंब्याला पर्याय नाही, मान्य. पण हुरडा, ओला हरभरा, बोरं, गुऱ्हाळावरचा गरम गूळ आणि थंडी सरताना जुन्नर-नारायणगावची द्राक्षं, हेही नातवंडांनी कधी खायचं?

ऑस्ट्रेलियातल्यांना हा पेच नाही. त्यांची मोठी सुट्टी डिसेंबर-जानेवारीतच असते. अडचण अमेरिकेतल्यांची आणि आखाती देशांतल्यांची, कारण त्यांच्या शाळा जून ते ऑगस्टच्या दरम्यान बंद असतात. म्हणजे आपला भर पावसाळा.

पावसाळ्यात येऊच नका असं मी म्हणणार नाही. डिंभ्याचं भरलेलं धरण आणि भीमाशंकरच्या वाटेवरची हिरवाई बघायला लोक लांबून येतात. मात्र येणाऱ्याने काय पाहायचं आणि काय टाळायचं, हे आधीच ठरवावं. घाटाकडची सहल मुसळधार पावसाचा इशारा असताना काढू नये. ३० जुलै २०१४ च्या सकाळी आपल्याच तालुक्यातलं माळीण डोंगराखाली गेलं आणि दीडशेहून अधिक माणसं गेली, हे इथल्या कोणाला सांगायला नको. पाहुण्यांना मात्र सांगावं लागतं.

पावसाळ्यातलं दुसरं भय सापाचं. मण्यार रात्री घरात शिरते, जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि दंश नीट दिसतही नाही. नातवंडांना आजीजवळ खाली गोधडीवर झोपायची हौस असते. या दिवसांत ती पुरवू नका. पलंग द्या, मच्छरदाणी गादीखाली खोचा, रात्री परसात जाताना बॅटरी आणि पायात बूट. दंशाची शंका जरी आली तरी मांत्रिक नको, चिरा नको, घट्ट दोरी नको. हातपाय स्थिर ठेवून सरळ घोडेगावच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा मंचरला न्या. नारायणगावचे डॉ. सदानंद राऊत कित्येक वर्षं हेच सांगत आले आहेत की वेळेत प्रतिविष मिळालं तर माणूस वाचतो.

पहिल्या पावसात विहिरीचं, ओढ्याचं पाणी गढूळ होतं आणि जुलाबाचे रुग्ण वाढतात. उन्हाळ्याच्या शेवटीही ते कमी नसतात, कारण तेव्हा माश्या असतात आणि जेवणावळी उठत असतात. पाहुण्यांसाठी बाटल्या विकत आणल्या आणि सरबतात गाडीवरचा बर्फ घातला, असं घडतं. पाणी खळखळ उकळा, झाकून गार करा, तेच दात घासायलाही द्या. जुलाब झालेच तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. तयार पुडी मिळाली तर अधिक चांगलं, मात्र ती पुडीवर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच विरघळवायची. ग्लासभर पाण्यात अर्धी पुडी टाकणं धोक्याचं. शौचातून रक्त, लघवी बंद, मूल मलूल, यातलं काहीही दिसलं तर घरी थांबू नका.

ऑगस्ट ते नोव्हेंबर हा डेंग्यूचा हंगाम. गणपती-दिवाळीला येणारे नेमके त्यात सापडतात. हा डास दिवसा चावतो आणि आपल्याच पिंपात, रांजणात, कूलरच्या तळाशी, गच्चीवरच्या टायरात वाढतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून पाहुणे येण्याआधी महिनाभर दर आठवड्याला एक दिवस सगळी भांडी रिकामी करून, आतून घासून, कोरडी करा. पाहुण्यांसाठी घराला रंग काढण्यापेक्षा याचा उपयोग जास्त. सून किंवा लेक गरोदर असेल आणि डोहाळजेवणासाठी यायचं म्हणत असेल, तर हे महिने टाळलेलेच बरे. त्याच डासातून झिकाही पसरतो. राज्यातला पहिला रुग्ण २०२१ च्या जुलैत आपल्याच जिल्ह्यात, पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला सापडला होता. ताप आला तर फक्त पॅरासिटामॉल, वजनाप्रमाणे. ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन नको.

थंडीही निर्दोष नाही. पहाटे गारठा बोचरा असतो, ऊसतोडीच्या आणि गुऱ्हाळांच्या दिवसांत धूळ-धूर असतो. दम्याच्या मुलाचा पंप सामानात नव्हे, हातातल्या पिशवीत असावा. ऊस तुटू लागला की बिबट्या उघड्यावर येतो. अंधार पडल्यावर मुलं अंगणात एकटी नकोत, हे तुम्ही पाळताच. मोबाइल घेऊन ओट्यावर बसलेल्या शहरी नातवाला ते ठाऊक नसतं. कुत्रा मात्र बाराही महिने चावतो. जखम पंधरा मिनिटं साबण-पाण्याने धुवा आणि त्याच दिवशी लस सुरू करा.

ऋतू कोणताही असो, निघण्याआधी चार-सहा आठवडे त्यांनी तिकडच्या डॉक्टरांना भेटावं. आपल्याच घरी चाललोय म्हणून हे टाळलं जातं, आणि नेमकी हीच माणसं हॉटेलात उतरणाऱ्या पर्यटकांपेक्षा जास्त आजारी पडतात. ती जास्त दिवस राहतात, सगळ्यांच्या घरी जेवतात, घरचंच पाणी पितात. टायफॉइडची लस तिकडच्या बहुतेक देशांत मुलांच्या नेहमीच्या यादीत नसते. ती निघण्याच्या किमान दोन आठवडे आधी हवी. अ प्रकारच्या काविळीची लस झाली आहे का, तेही पाहावं. सहा ते अकरा महिन्यांच्या बाळाला गोवराचा डोस लवकर द्यायचा का, हे जरूर विचारावं.

उलट दिशेने जाणाऱ्यांसाठीही तोच हिशेब. दुबईची सहल जून ते ऑगस्टमध्ये स्वस्त का मिळते, हे तिथे दुपारी बाहेर पडल्यावर कळतं. नोव्हेंबर ते मार्चमध्ये जा. थायलंडला एप्रिल टाळा. लेकीच्या बाळंतपणाला निघालात तर ऋतू बाळाने ठरवलेला असतो. तेव्हा फक्त रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्या पूर्ण मुक्कामाला पुरतील एवढ्या घ्या, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह.

पाहुणे परत गेले तरी महिनाभर फोनवर ताप विचारत राहा. डेंग्यू डास चावल्यानंतर दोन आठवड्यांच्या आत दिसतो, टायफॉइडला एक ते तीन आठवडे लागतात, मलेरिया काही महिन्यांनीही डोकं वर काढतो. तिकडचा डॉक्टर फ्लू समजून घरी पाठवेल. म्हणून त्याच्यापुढे पहिलं वाक्य हे असू द्या की आम्ही अमुक तारखेला भारतातून, खेड्यातून आलो आहोत.