आयर्लंडचा दुष्काळ आणि परक्यांची मदत

महोत्सवी स्मरणिकेसाठी काही अभ्यासपर लिहावे, अशी विश्वस्त मंडळींची सूचना आली, तेव्हा आम्ही वर्गात आयर्लंडचा दुष्काळ शिकवीत होतो. एका मुलाने मध्येच उठून विचारले, "सर, बटाटा गेला तर त्या लोकांनी गहू का नाही खाल्ला?" प्रश्न भाबडा खरा, परंतु साऱ्या प्रकरणाचे मर्म त्यातच आहे.

१८४५ च्या सप्टेंबरात आयर्लंडच्या बटाट्यावर एक नवी कीड, खरे म्हणजे बुरशीसारखा रोग, पडला. पाने काळी पडत आणि कंद जमिनीतच कुजत. पुढच्या वर्षी तर जवळजवळ सारे पीक गेले. त्या देशात गहू व ओट पिकत नव्हते असे नाही. लोणी होते, गुरे होती. परंतु धान्य पिकवावे ते जमीनदाराचा खंड भरण्यासाठी आणि पोट भरावे ते तुकडाभर जमिनीतल्या बटाट्यावर, अशी गरीब कुळांची स्थिती. खंड थकला की जमीन आणि झोपडी दोन्ही जाणार. म्हणून माणसे उपाशी असतानाही बंदरांतून धान्य बाहेर जात राहिले. १८४७ साली बाहेरून पुष्कळ मका आला हे खरे, पण तोवर आधीचा भीषण हिवाळा सरला होता, आणि विकत घ्यायला हाती पैसा नव्हता. अदमासे दहा लक्ष माणसे भुकेने व तापाने मेली. त्याहून अधिक देश सोडून गेली.

मदत अनेक ठिकाणांहून आली. कलकत्त्यात १८४६ मध्येच निधी सुरू झाला. त्यात आयरिश शिपायांबरोबर हिंदी लोकांनीही पैसे घातले आणि सुमारे १४,००० पौंड जमले. तुर्कस्तानचे सुलतान अब्दुल मजीद ह्यांनी १,००० पौंड दिले. त्यांनी धान्याची जहाजेही ड्रॉहेडा बंदरी गुपचूप पाठविली, ही गोष्ट आमच्या घरांतून मोठ्या आवडीने सांगतात. तिला पक्का पुरावा नाही, आणि त्या १,००० पौंडांना तिच्या आधाराची गरजही नाही. अमेरिकेतील चॉक्टॉ जमातीने १८४७ साली १७० डॉलर पाठविले. ह्याच जमातीला १८३१ पासून आपल्या भूमीतून हाकलून पश्चिमेस नेण्यात आले होते, आणि तिची हजारो माणसे त्या वाटेवर मेली होती. आयरिश लोक ते १७० डॉलर आजही विसरलेले नाहीत. कॉर्क परगण्यातील मिडलटन येथे २०१७ साली त्यांनी पोलादी पिसांचे एक शिल्प ह्या देणगीच्या स्मरणार्थ समारंभपूर्वक अर्पण केले. २०२० साली करोनाच्या साथीत नावाहो आणि होपी ह्या दुसऱ्या आदिवासी जमातींसाठी निधी जमू लागला, तेव्हा चॉक्टॉंची आठवण ठेवून पुष्कळ आयरिश लोकांनी पैसे पाठविले.

आता दुसरा आकडा पाहा. लंडनच्या सरकारी तिजोरीतून ह्या दुष्काळावर सुमारे ८० लक्ष पौंड खर्च झाले. तरी त्याबद्दल कृतज्ञता नाही. उलट मनात सल आहे. हा कृतघ्नपणा म्हणावा काय? आम्हांस तसे वाटत नाही. १८०१ पासून आयर्लंड ब्रिटनशी एका राज्यात जोडलेले होते. ती तिजोरी परकी नव्हती, कायद्याने त्यांचीही होती. त्याच तिजोरीने १८३० च्या दशकात गुलामांच्या मालकांना भरपाई म्हणून दोन कोटी पौंड दिले होते. आयर्लंडला दिलेल्यातला बराच भाग मात्र कर्ज म्हणून लिहिला गेला. खात्याचे मुख्य अधिकारी चार्ल्स ट्रेव्हेलियन (हेच पुढे १८५९ साली मद्रासचे गव्हर्नर झाले) ह्यांना भय होते ते हे की, फुकट अन्नाने लोक आयतखाऊ होतील. १८४७ च्या उन्हाळ्यात सरकारी लंगरांतून रोज सुमारे तीस लक्ष लोकांना सूप मिळत होते. म्हणजे मनात आणले तर करता येत होते! पण शरद ऋतूपर्यंत ती बंद करून भार स्थानिक करांवर ढकलला. वर अट अशी की, पाव एकराहून, म्हणजे आपल्या दहा गुंठ्यांहून, अधिक जमीन कसणाऱ्याने ती सोडल्यावाचून मदत मिळणार नाही.

१८४९ साली पश्चिमेकडील दरिद्री भागांसाठी जादा कर बसविला, तो फक्त आयर्लंडवर. राज्य एक, मग इंग्लंडवर का नाही? ह्या कराला विरोध म्हणून तेथील गरीब-साहाय्य खात्याचे मुख्य आयुक्त एडवर्ड ट्विसलटन ह्यांनी राजीनामा दिला. ते स्वतः इंग्रज होते, हे आम्ही मुलांना मुद्दाम सांगतो.

१९९७ साली आयर्लंडमधील एका स्मरण-समारंभात ब्रिटिश पंतप्रधान टोनी ब्लेअर ह्यांच्या नावाने निवेदन वाचले गेले. त्या काळच्या लंडनमधील राज्यकर्त्यांनी आपल्या प्रजेप्रत कर्तव्य केले नाही, अशी कबुली त्यात होती, आणि पुष्कळांना त्याने बरे वाटले. २०२१ साली सरकारी कागद खुले झाले तेव्हा कळले की, ब्लेअर ह्यांच्याशी वेळेत संपर्क न झाल्याने तो मजकूर त्यांच्या संमतीवाचून कार्यालयातील साहाय्यकांनीच लिहून पाठविला होता.