हिवाळी फळांचे सॅलड : क्रम आणि वेळ

मराठी घरांत 'फ्रूट सॅलड' म्हटले की कस्टर्ड घातलेले गार दूध, त्यात केळ्याचे काप आणि सोबत पुरी, असा पंगतीतला पदार्थ डोळ्यांपुढे येतो. येथे विचार करावयाचा आहे तो दूध, कस्टर्ड व साखर वगळून केलेल्या ताज्या फळांच्या सॅलडचा. उत्तर भारतात 'फ्रूट चाट' म्हणून परिचित असलेला पदार्थ त्याच्याच जवळचा. करावयास तो अतिशय सोपा वाटतो. परंतु सकाळी नऊला भरलेला डबा दुपारी उघडावा, तर सफरचंद तपकिरी पडलेले, स्ट्रॉबेरीचा लगदा झालेला आणि तळाशी पाणी साचलेले, हा अनुभव सार्वत्रिक आहे. महागामोलाची फळे मग तशीच टाकली जातात. यात दोष फळांचा नसतो. चिरण्याचा क्रम आणि मीठ घालण्याची वेळ चुकलेली असते.

चौघांसाठी दोन टणक पेरू, तीन संत्री, एक सफरचंद, एक डाळिंब, दोन चिकू व आठ-दहा स्ट्रॉबेरी पुरेशी होतात. स्ट्रॉबेरी न मिळाल्यास बोरे घ्यावीत.

या सर्वांत पेरूला अग्रमान द्यावयास हवा. स्वस्त म्हणून तो सॅलडमधून वगळला जातो आणि त्याच्या जागी परदेशी कीवी येते, हे काही शहाणपणाचे नव्हे. क जीवनसत्त्व पेरूत संत्र्याच्या चौपटीहून अधिक असते. देशभर लावला जाणारा 'लखनौ-४९' अथवा 'सरदार' हा वाण नावाने लखनौचा असला, तरी त्याची निवड १९२७ साली पुण्याच्या गणेशखिंड येथील फळसंशोधन केंद्रात झाली. सॅलडसाठी पेरू हिरवट-पिवळा, दाबल्यावर किंचित दबणारा असावा. पूर्ण पिकलेला पेरू नुसता खाण्यास उत्तम; मात्र त्याच्या वासापुढे अन्य फळांचा स्वाद टिकत नाही.

संत्र्याची निवड प्रदेशानुसार करावी. नागपुरी संत्र्याचा आंबिया बहार डिसेंबरच्या सुमारास बाजारात असतो व तो आंबटगोड लागतो. फेब्रुवारीनंतरचा मृग बहार अधिक गोड. दिल्ली-पंजाबकडे राहणाऱ्यांना किन्नू सहज मिळतो. त्याला रस भरपूर, पण बियाही पुष्कळ. आणि त्याचा रस काढून ठेवला की काही वेळाने कडवट होतो. म्हणून किन्नूच्या बिया सुरीखाली येऊ देऊ नयेत, पांढरे दोरे काढून टाकावेत आणि तो वाढण्याच्या वेळीच मिसळावा.

आता कृती. सर्व फळे चिरण्यापूर्वी वाहत्या पाण्याखाली धुऊन पुसावीत. स्ट्रॉबेरी देठासह धुवावी. देठ आधी काढल्यास आत पाणी शिरते. सुरी स्टीलची घ्यावी. लोखंडी विळीवर चिरलेले फळ काळवंडते, कारण फळातील टॅनिनचा लोखंडाशी संयोग होतो.

प्रथम एका संत्र्याचा रस व अर्ध्या लिंबाचा रस काचेच्या वाडग्यात काढावा. सफरचंद सालीसह चिरून प्रत्येक तुकडा थेट या रसात टाकावा. चिरलेल्या पेशींतील विकर हवेतील प्राणवायूच्या संपर्कात येताच तुकडा तपकिरी होऊ लागतो. आम्लामुळे ही क्रिया मंदावते. सारे सफरचंद आधी ताटात चिरून मागाहून लिंबू पिळण्यात अर्थ नाही, तोपर्यंत रंग गेलेला असतो. त्यामागून पेरू, मग डाळिंबाचे दाणे, मग उरलेल्या संत्र्यांच्या सोललेल्या फोडी घालाव्यात. डाळिंबाचे पिवळसर पापुद्रे कडू असतात. ते निगुतीने वेचावेत. हे मिश्रण झाकून अर्धा तास शीतकपाटात ठेवण्यास हरकत नाही.

स्ट्रॉबेरी आणि चिकू मात्र वाढतेवेळी. चिकू ढवळला की विरघळू लागतो आणि सगळ्याला मातकट रंग देतो. पादेलोण, भाजलेल्या जिऱ्याची पूड व मिरपूड यांचे स्थानही अगदी शेवटी. मीठ वा साखर पडताच पेशींतील पाणी बाहेर ओढले जाते. कैरीच्या फोडींना मीठ लावल्यावर पाणी सुटते, त्याच न्यायाने. साखरेची तर गरजच नाही, आणि मधुमेहींनी मधाला साखरेचा निरुपद्रवी पर्याय समजू नये. त्यांनी चिकूऐवजी पेरूचे प्रमाण वाढवावे व एका लहान वाटीवर थांबावे. कोलेस्टेरॉल वा रक्तदाबाची काही विशिष्ट औषधे घेणाऱ्यांनी सॅलडमध्ये पपनस घालण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. त्यातील घटकांमुळे या औषधांचे रक्तातील प्रमाण वाढू शकते.

दह्याची हौस असल्यास ते घालता येते. पण ताजी पपई, अननस किंवा कीवी असेल तर नव्हे. या तिन्हींतील विकरे दुधातील प्रथिनांचे विघटन करतात आणि दही कडू लागते. डबाबंद अननस उष्णतेतून गेलेला असल्याने तो हा त्रास देत नाही.

कार्यालयात नेण्यासाठी पेरू, सफरचंद, डाळिंब व नागपुरी संत्र्याच्या फोडी रसासह घट्ट झाकणाच्या डब्यात भराव्यात व पोहोचताच डबा शीतकपाटात ठेवावा. तशी सोय नसल्यास चिरलेली फळे दोन तासांपेक्षा अधिक काळ बाहेर राहू नयेत. अशा वेळी अख्खी फळे व लहान सुरी नेणे बरे. मसाल्याची पुडी वेगळी बांधून न्यावी, आणि चिकू तेथेच चिरावा.