पत्र्यावर टिचकी मारून गाडी घेऊ नकोस

अगं, गाडी घ्यायचं नक्की केलंत हे ऐकून बरं वाटलं. चाकणजवळ महाळुंग्यात राहायचं, नवऱ्याची शिफ्ट वेगळी, तुझी वेगळी, आणि सासूबाईंना दवाखान्यात न्यायचं तर रिक्षा शोधत उभं राहायचं. किती दिवस ओढणार? घ्याच गाडी. पण परवा फोनवर तू सांगितलंस ना, की मामंजी शोरूममधल्या प्रत्येक गाडीच्या दारावर टिचकी मारतात, "हा काय पत्रा आहे? आमची पद्मिनी लोखंडाची होती" म्हणतात आणि पुढे सरकतात, त्यावर तुझ्याशी जरा बोलायचंय. त्यांच्यासमोर मी हे काढणार नाही. त्या गाडीवरची त्यांची माया मला कळते. पण हप्ते तुम्ही भरणार, आत तुम्ही बसणार, तेव्हा तुझ्या डोक्यात हे स्वच्छ असू दे.

त्यांचं म्हणणं सगळंच चुकीचं आहे असं नाही हं. कुर्ल्याच्या कारखान्यातून आलेल्या त्या प्रीमियर पद्मिनीचा पत्रा जाड होताच. सिग्नलला मागून कुणी टेकलं तर बंपरला जेमतेम पोचा यायचा, गॅरेजवाला हातोडीने तो सरळही करून द्यायचा. आजच्या गाडीचा प्लास्टिकचा बंपर तेवढ्यानेच तडकतो आणि बिल बघून आपले डोळे पांढरे होतात. पण तो हिशेब दुरुस्तीचा झाला. जोराच्या धडकेत प्रश्न वेगळा असतो: धडकेचा जोर गाडी खाणार, की आतला माणूस?

नारळ झाडावरून पडतो तेव्हा मार सोडण खातं आणि आतली करवंटी शाबूत राहते. आजची गाडी तशीच बांधतात. पुढचा नि मागचा भाग मुद्दाम चुरगळेल असा, आणि माणसं बसतात तो मधला सांगाडा मात्र कणखर. पुढचा भाग चुरगळायला क्षणाचा जो अंश लागतो, त्याच अंशात आतल्या माणसाचा वेग उतरतो. हे डोकं बेला बॅरेनी नावाच्या इंजिनिअरचं. मर्सिडीजमध्ये असताना 1952 मध्ये त्यांना याचं पेटंट मिळालं, आणि 1959 मध्ये अशी पहिली गाडी बाजारात आली. तीच मर्सिडीज आज तुमच्या चाकणमध्ये गाड्या बनवते. त्याच 1959 मध्ये व्होल्वोच्या निल्स बोलिन यांचा खांद्यावरून आणि कमरेवरून जाणारा तीन टोकांचा पट्टा गाडीत आला. व्होल्वोने त्याचं पेटंट इतर कंपन्यांना वापरू दिलं.

आणि मामंजींची दारावरची टिचकी? ती बसते बाहेरच्या कातडीवर. जीव वाचवणारं पोलाद आत असतं, दारांमधल्या खांबांत, उंबऱ्यात, छताच्या कडांत. तिथलं पोलाद तापवून दाबतात आणि साच्यातच थंड करतात, त्यामुळे ते भलतंच कडक होतं. तुझ्या नवऱ्याला विचार, प्रेस शॉपमधल्या कुणाकडूनही तो हे समजून घेईल.

जुनं आणि नवं खरंच समोरासमोर आणून धडकवलंय, बरं का. अमेरिकेत विमा कंपन्यांनी चालवलेली रस्ता सुरक्षेची एक संस्था आहे. तिने 2009 मध्ये आपल्या पन्नाशीला 1959 ची शेवरोले बेल एअर आणि 2009 ची शेवरोले मॅलिबू एकमेकींवर सोडल्या, प्रत्येकी साधारण 64 किलोमीटरच्या वेगाने. बेल एअर म्हणजे भलीमोठी, भारदस्त गाडी. मामंजींना बघताक्षणी आवडली असती. पण चालकाची जागाच आत चेपली गेली. तिथे खरा माणूस असता तर वाचला नसता. मॅलिबूचं नाक पार चुरगळलं, पण चालकाच्या पायाला किरकोळ दुखापत, एवढंच. गाडी जास्त मोडली म्हणजे माणूस जास्त मोडला, असं नसतं गं.

आता म्हणशील, मग नवी कुठलीही घेतली तरी चालेल. तिथेच थांब, कारण पुढची गोष्ट तुमच्याच चाकणची आहे. जानेवारी 2014 मध्ये गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच छोट्या गाड्यांच्या धडक चाचणीचे निकाल जाहीर केले. पाचही गाड्यांना मोठ्यांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे. त्यात चाकणला बनणारी फोक्सवॅगन पोलोही होती. गंमत बघ, पोलोचा सांगाडा धडकेत टिकला होता. तरी शून्य, कारण त्या स्वस्तातल्या मॉडेलला एअरबॅग नव्हत्या आणि चालकाच्या डोक्याला, छातीला धोका होता. दोन एअरबॅगवाल्या पोलोला चार तारे मिळाले. मग कंपनीने बिनएअरबॅगची पोलो विकणंच बंद केलं. म्हणजे मजबूत सांगाडा एकटा पुरत नाही. सांगाडा, पट्टा आणि एअरबॅग, तिघांनी मिळून माणूस वाचतो.

त्यानंतर बरंच पाणी वाहून गेलं. ऑक्टोबर 2019 पासून इथे विकायच्या प्रत्येक मोटारीला समोरून आणि बाजूने होणाऱ्या धडकेच्या सरकारी चाचणीत उतरावं लागतं. त्याच वर्षी चालकाची एअरबॅग सक्तीची झाली, मग शेजारच्या सीटचीही. तेव्हा पैसे कमी पडले आणि जुनी गाडी बघायची वेळ आली, तर ऑक्टोबर 2019 च्या आधीची घेऊ नका. रांजणगावात बनणाऱ्या टाटा नेक्सॉनने डिसेंबर 2018 मध्ये पाच तारे मिळवले. चाकणला बनणाऱ्या महिंद्राच्या एक्सयूव्ही 700 ने 2021 मध्ये, स्कोडा कुशाक आणि फोक्सवॅगन टायगुन यांनी 2022 मध्ये. ऑक्टोबर 2023 पासून तर आपली भारत एनकॅप आहे, आणि तिचे पहिले पाच तारे पिंपरीच्या हॅरियर आणि सफारीला मिळाले. एच. पी. चौकात ट्रेलरवर लादलेल्या नव्याकोऱ्या गाड्या रोज बघतेस, त्यातल्या कितीतरींचे निकाल घरबसल्या वाचता येतात. सेल्समन सनरूफ दाखवेल, मोठा स्क्रीन दाखवेल. तू मोठ्यांचे तारे किती आणि मुलांचे किती, हे वेगवेगळं विचार. चाचणी कुठल्या वर्षाची, तेही विचार.

पण ताऱ्यांवर भाळूनही जाऊ नकोस. समोरची धडक 64 च्या वेगाने घेतात. शंभरच्या वेगाने तीच धडक जवळजवळ अडीचपट जोराची होते. तळेगाव-चाकण रस्त्यावर तुमची गाठ कंटेनरशी आहे, आणि तेवढ्या वजनापुढे कुठलाच तारा हमी देत नाही. म्हणून नवऱ्याला सांग, रात्रपाळीहून झोपेच्या डोळ्यांनी स्टिअरिंगवर बसायचं नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, मागच्या सीटचा पट्टा. 4 सप्टेंबर 2022 ला पालघरमध्ये चारोटीजवळ सायरस मिस्त्रींची गाडी पुलाच्या कठड्यावर आदळली. गाडी महागडी, नावाजलेली. पुढचे दोघे जखमी झाले पण वाचले. मागचे दोघे गेले, आणि त्यांनी पट्टा लावला नव्हता. पट्ट्याशिवाय मागे बसलेला माणूस पुढच्या सीटवर फेकला जातो, स्वतः जातो आणि पुढच्यालाही इजा करतो. मागे पट्टा लावला नाही तर कायद्याने 1000 रुपये दंडही आहे. पण तू दंडासाठी लावू नकोस. सासूबाईंना गुदमरल्यासारखं वाटेल, तेव्हा पट्टा पोटावर नाही, खाली कमरेच्या हाडावर बसव, म्हणजे टोचणार नाही. बाळाला मांडीवर घेऊन पुढे तर कधीच बसू नकोस. 50 च्या वेगात धडक झाली तर दहा किलोचं बाळ शंभर किलोहून जास्त जोराने हातातून सुटतं. तिथे आईची मिठी पुरत नाही. त्याची वेगळी सीट घ्या आणि ती मागे बसवा.

गाडी घरी आली की ॲक्सेसरीजवाले मागे लागतील. पुढे लोखंडी गार्ड लावू नका, त्याने चुरगळायचा भागच नीट चुरगळत नाही. सरकारने 2017 मध्येच ते बेकायदा ठरवलंय. सीटमध्ये एअरबॅग असेल तर वरून घट्ट कव्हर चढवू नका. आणि पट्ट्याचा आवाज बंद करणारी ती क्लिप कुणी फुकट दिली तरी घेऊ नका.

मामंजींच्या पद्मिनीला मान द्या, अंगणात ठेवा, दसऱ्याला हार घाला, पण महामार्गावर नेऊ नका. नवी गाडी घेताना एक एअरबॅग कमी करून सनरूफ घेऊ नका. आणि चावी फिरवण्याआधी रोज मागे वळून बघ, पाचही पट्टे लागलेत का. एकाचाही राहिला असेल, तर गाडी हलवायची नाही.