कोण बघतंय, असं म्हणू नकोस

रत्नागिरी,
नागपंचमी

चि. मृण्मयी,

लोटे परशुरामच्या कंपनीत प्रॉडक्शनला लागलीस, हे ताईने फोनवर सांगितलं. आनंद झाला. औषधांच्या कारखान्यातच माझी उमेदीची वर्षं गेली. एसओपी, म्हणजे कामाची लेखी पद्धत, तुला कंपनी वाचायला देईलच. त्यामागची कारणं मी लिहितो.

क्लीनरूममध्ये सगळ्यात जास्त घाण करतो तो माणूस. त्वचेचे कण, केस, थुंकीचे तुषार आपल्यापासून सतत सुटत असतात. आयएसओ ८ दर्जाच्या खोलीत एका घनमीटर हवेत अर्धा मायक्रॉन किंवा त्याहून मोठे कण ३५,२०,००० पर्यंतच चालतात. आयएसओ ५ ला अवघे ३,५२०. म्हणून आत धावपळ नको, हातवारे नकोत.

गाऊन वरून खाली चढवायचा: आधी केसांची टोपी, मास्क आणि हूड, मग अंगातला सूट, मग बूट, शेवटी हातमोजे. सूट घालताना बाह्या आणि पाय मुठीत गोळा करून धर, फरशीला टेकता कामा नयेत. बेंचवर बसून एका पायात बूट चढव आणि तो पाय थेट बेंचच्या पलीकडे, स्वच्छ बाजूला टेक, मग दुसरा. हातमोजा बाहीच्या वर आला पाहिजे. आजीच्या सोवळ्यासारखंच आहे हे. कुठे शिवलं की पुन्हा पहिल्यापासून.

हातावर मारायचं आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) ७० टक्के का? त्यात पाणी असलं की ते लगेच उडत नाही आणि जंतूंवर नीट काम करतं. पण ते पेट घेतं. हात पूर्ण सुकल्याशिवाय गरम यंत्राजवळ जाऊ नकोस.

आपल्याकडे पावसाळ्यात भिंतींनाही बुरशी धरते. तिचे बीजाणू ओल्या कपड्यांबरोबर आत येतात. ओले केस, गजरा, बांगड्या, काजळ, नखपॉलिश गेटच्या आत नको. गणपतीची सुटी संपवून आलीस तरी. सर्दी, खरूज, हाताला जखम असेल तर सुपरवायझरला सांग. खाडा पडेल म्हणून लपवू नकोस.

पावडरीच्या खोलीतून निघताना गाऊनच्या बाहेरच्या बाजूला औषध लागलेलं असतं. आतली बाजू बाहेर करत गुंडाळून उतरव, झटकू नकोस, आणि हात धू. मात्र सायरन वाजला तर गाऊन उतरवायला थांबायचं नाही, सरळ बाहेर. खोली पुन्हा साफ करता येते.

शिफ्ट बदलताना कोणी जुना ऑपरेटर म्हणेल, ‘‘चल गो, कोण बघतंय?’’ बूट बेंचच्या अलीकडच्या फरशीला घासला असेल तर हसून दुसरा जोड घे. पाच मिनिटं उशीर झाला तर बोलणी खावी लागतील, खा. बॅच रेकॉर्डवर सही तुझी असते, आणि गोळी घेणाऱ्याला आपण कधी भेटत नाही.

गणपतीला घरी ये. मामीने नारळ काढून ठेवलेत.

तुझा,
मामा