दाताला सिमेंट धरते कसे?



दातांची निगा धम्माला परकी नाही. चुल्लवग्गात तथागतांनी भिक्खूंना दातवणाची अनुज्ञा देऊन त्याचे पाच लाभ सांगितले आहेत. आज या विषयाची शास्त्रीय बाजू आपण पाहू.

चंद्रपूर जिल्ह्यात अनेक गावांच्या भूजलात फ्लोराइड जास्त आहे. लिटरमागे १.५ मिलिग्रॅमच्या वर ते नसावे. पक्के दात घडण्याच्या वयात असे पाणी पोटात गेले की दातांवर पांढरे, तपकिरी डाग पडतात. आमच्या मुली तोंडावर हात धरून हसतात, ते यामुळे. या डागांवर व किडीवर दातरंगी रेझीन बसवता येते.

गुळगुळीत भिंतीवर प्लास्टर धरत नाही, म्हणून गवंडी ती आधी खरबडीत करतो. दाताचेही तसेच आहे. १९५५ साली अमेरिकेतील डॉ. ब्युनोकोर यांनी दाताच्या इनॅमलवर फॉस्फोरिक आम्ल लावून पाहिले. त्याने सूक्ष्म छिद्रे पडतात. पातळ रेझीन त्यांत शिरते आणि घट्ट होऊन मुळांसारखे रुतून बसते. आज साधारण ३७ टक्के आम्ल १५ ते ३० सेकंद लावून धुतात व निळ्या प्रकाशाने रेझीन कडक करतात.

फ्लोराइडबाधित इनॅमलचा वरचा थर मात्र आम्लाला दाद देत नाही. तेथे आम्ल जास्त वेळ ठेवावे लागते किंवा थर किंचित घासावा लागतो.

इनॅमलखालचे डेंटिन ओलसर असते. आम्लाने त्यातील कोलॅजेनचे धागे उघडे पडतात. फार सुकवले तर ते चिकटून बसतात व रेझीन आत जात नाही; पाणी राहिले तरी पकड कच्ची होते. धागे व रेझीन यांचा मिश्र थर जपानचे नाकाबायाशी यांनी १९८२ साली दाखवून दिला.

भामरागड, एटापल्लीसारख्या दूरच्या भागातील शिबिरांना ग्लास आयोनोमर सिमेंट सोयीचे. ते दातातील कॅल्शियमशी रासायनिक बंध जोडते. हाताने कालवता येते, विजेचा दिवा लागत नाही.

प्रतीत्यसमुत्पाद हेच सांगतो : कारणे जुळली तर कार्य घडते. दात स्वच्छ व लाळेपासून कोरडा ठेवला, वेळ पाळली, तरच सिमेंट टिकते. म्हणून दात उपटण्याची घाई करू नका. वाचवता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. आणि डागाचे मूळ कारण असलेले गावचे पाणी तपासून घ्या.

जयभीम! नमो बुद्धाय!