रंगावर जाऊ नकोस

गोंदिया

चि. बाबूस,



आजोबांची फियाट नागपूरहून घरी आली, रंग सुरेख बसला, सीटा नव्या झाल्या, क्रोम चकाकतंय, पण इंजीन काही धरत नाही, हे तुझ्या आईकडून कळलं आणि मग तुझ्याकडूनही. गॅरेजवाला म्हणतो, 'सगळा माल नवा टाकलाय, आता चालू व्हायलाच पाहिजे.' याच वाक्याची मला धास्ती वाटते. पन्नास वर्षांचं इंजीन उघडून पुन्हा बांधलं की नव्या मालामुळे निम्मे दोष जातात आणि नव्या मालामुळेच दुसरे येतात. म्हणून हे पत्र सावकाश वाच. तोवर सेल्फ मारू नकोस.

सेल्फचं आधी सांगतो, कारण तुम्हा पोरांना तीच खोड असते. न पेटणाऱ्या इंजिनावर सेल्फ मारत राहिलं की सिलिंडरमध्ये न जळलेलं पेट्रोल साचतं, भिंतीवरचं ऑइल धुऊन निघतं आणि नव्या रिंगा कोरड्या घासतात. बेअरिंगलाही अजून ऑइल पोचलेलं नसतं. बांधून महिनोन्‌महिने उभं राहिलेलं इंजीन आधी भिजवायचं असतं. चारही प्लग काढ, प्रत्येक भोकात चमचाभर इंजीन ऑइल सोड, कॉइलची वायर काढून ठेव आणि मग सेल्फने थोडं थोडं फिरव. प्लग नसले की इंजीन हलकं फिरतं, बेअरिंगवर ताण येत नाही. डॅशबोर्डवरचा ऑइलचा लाल दिवा विझला पाहिजे. तो विझत नसेल तर पुढचं सगळं बंद, आधी ऑइल पंप बघ. गोंदियाच्या जुन्या राईस मिलमध्ये ऑइल इंजीन सांभाळणारे मिस्त्री डिकम्प्रेशनचा खटका उचलून चाक नुसतं फिरवून घेत, मगच इंजीन पेटवत. त्यांच्याकडे मॅन्युअल नव्हतं, पण इंजीन पंचवीस-तीस वर्षं टिकत असे.

आता तुझ्या इंजिनाविषयी. 1089 सीसी, चार सिलिंडर, 68 मिलिमीटरचा बोअर आणि 75चा स्ट्रोक. या मापाचं इंजीन फियाटने इटलीत 1937 साली 508 सी या गाडीत बसवलं होतं. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याला तुझी ही गाडी आधी फियाट म्हणून आणि पुढे पद्मिनी म्हणून बांधली, ती शतक बदलेपर्यंत. मुंबईची शेवटची काळीपिवळी पद्मिनी 30 ऑक्टोबर 2023 ला रस्त्यावरून उतरली. एवढा काळ हे इंजीन टिकलं, कारण त्यात लपलेलं काही नाही. ना सेन्सर, ना कॉम्प्युटर. ऑइल, करंट, पेट्रोल आणि वेळ एवढ्याच गोष्टी लागतात, आणि त्या चारही तुला डोळ्यांनी, बोटांनी तपासता येतात.

करंटपासून धर. आता मी तुला जे विचारणार आहे, ते त्या गॅरेजने बघितलं नसणार, यावर पैज लावायला तयार आहे. इंजिनाची अर्थिंगची पट्टी बॉडीला जिथे बसते, तिथला रंग खरवडलाय का? नव्याने रंगवलेल्या गाडीत बोल्टखाली रंगाचा जाड थर राहतो, त्यातून करंट जात नाही. सेल्फ मरगळल्यासारखा फिरतो, प्लगला ठिणगी पिवळट येते, आणि माणूस बॅटरी बदलत बसतो. दोन्ही टोकं पॉलिश पेपरने धातू चमकेपर्यंत घास आणि आवळ. गॅरेजवाल्याच्या सुंदर रंगाला तेवढी इजा होऊ दे.

मग डिस्ट्रिब्युटर. पॉइंटची फट साधारण 0.45 मिलिमीटर, फीलर गेजने मोजायची, अंदाजाने नाही. नव्या पॉइंटवर कारखान्यातला तेलकट थर असतो, तो पेट्रोलने पुसून काढ. आणि नव्या कंडेन्सरवर विश्वास टाकू नकोस. बाजारात हल्ली मिळतात त्यातले कितीतरी पहिल्याच गरमीत जातात. गॅरेजने जुना काढून फेकला नसेल तर तो मागून घे आणि डिकीत ठेव.

खरी मेख वेळेत असते. तू सांगतोस की इंजीन मधेच कार्बोरेटरमधून 'फट्ट' करतं आणि शांत होतं. हे ऐकून मला वाटतं की डिस्ट्रिब्युटर अर्धा फेरा उलटा बसलाय. पिस्टन दर दोन फेऱ्यांत दोनदा वर येतो, एकदा दाब घेऊन आणि एकदा धूर बाहेर टाकून. पुलीवरची खूण दोन्ही वेळा जुळते, म्हणून खुणेवर भरवसा ठेवणारा फसतो. तू असं कर. पंख्याकडचा पहिला प्लग काढ, भोकावर अंगठा दाबून धर आणि कोणाला तरी गाडी चौथ्या गिअरमध्ये हळूहळू ढकलायला लाव. कॉइलची वायर काढलेलीच असू दे. हवा अंगठा उचलून फस्सकन बाहेर आली की समज, दाबाचा फेरा हाच. त्या वेळी खूण जुळव, कॅप उघड आणि रोटरचं तोंड कुठे आहे ते बघ. ते पहिल्या सिलिंडरच्या वायरीकडे नसून चौथ्याच्या वायरीकडे असेल, तर मी म्हणतो तेच. रोटरचं तोंड आहे ती जागा पहिल्याची धरून, रोटर फिरतो त्या दिशेने वायरी 1-3-4-2 अशा लावायच्या. शेवटी बारा व्होल्टचा छोटा बल्ब पॉइंटच्या वायरीला आणि बॉडीला जोड, इग्निशन चालू कर. पॉइंट उघडला की बल्ब लागतो. तो क्षण खुणेशी जुळला की पहिल्यांदा चालू होण्यापुरतं टायमिंग झालं. एका वेळी एकच गोष्ट बदल, आणि वहीत लिही. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कोणती लागू पडली हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

पेट्रोलचं आपल्या भागात वेगळं दुखणं आहे. गाडी तुमच्या कोठ्यात तणसाखाली किती पावसाळे उभी होती ते मला माहीत आहे. टाकी आतून गंजली असणारच. रंगवताना ती बाहेरून घासली, आतून कोणी बघितली? टाकी उतरव, धुऊन घे, लाइन फुंकून साफ कर, पंपाच्या आधी पारदर्शक फिल्टर लाव म्हणजे गंज दिसेल. उंदरांनी एअर क्लीनरमध्ये घरटं केलं नाही ना, तेही उघडून बघ. शिवाय आता पंपावर मिळतं त्या पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं. ते पाणी ओढून घेतं, जुन्या रबराला फुगवतं आणि चिरा पाडतं. पंपाचा डायफ्राम, सगळे होज इथेनॉल सोसणारे घे, आणि टाकीत महिनोन्‌महिने पेट्रोल ठेवू नकोस. देशात तांदळाच्या कणीपासूनही इथेनॉल होतं. भातवाल्या गोंदियात तांदळानेच आपल्या फियाटचा डायफ्राम खावा, याला काय म्हणावं!

एक गोष्ट मात्र अजिबात करू नकोस. कार्बोरेटरच्या तोंडात बाटलीने पेट्रोल ओतून कोणी सेल्फ मारायला लावेल. बॅकफायर झाला की ज्वाळा थेट बाटलीपर्यंत येते. पेट्रोल घालायचंच तर फ्लोट चेंबरमध्ये घाल, झाकण बसव, सांडलेलं पूस आणि मगच किल्ली फिरव. शेजारी वाळूची बादली आणि फायर एक्स्टिंग्विशर ठेव. पाण्याच्या बादलीचा उपयोग नाही.

चालू झाली की आनंदाने नुसती आयडलवर ठेवून पेढे वाटायला जाऊ नकोस. कॅमशाफ्ट आणि टॅपेट नवे असतील तर पहिली पंधरा-वीस मिनिटं रेस थोडी वर ठेवायची, कारण कॅमवर ऑइल उडतं ते इंजीन फिरण्याच्या वेगाने. डोळा ऑइलच्या दिव्यावर आणि पाण्याच्या काट्यावर. मग बंद करून रात्रभर थंड होऊ दे. सकाळी हेडचे नट मॅन्युअलमधल्या क्रमाने टॉर्क रेंचने पुन्हा तपास आणि टॅपेट बघ. हेड अल्युमिनियमचं आणि ब्लॉक बिडाचा. तापल्यावर अल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट फुगतं, म्हणून पहिल्या गरमीनंतर नट ढिले पडू शकतात. पहिल्या पाचशे किलोमीटरला ऑइल बदल. तोवर आमगाव-गोंदिया रस्ता पुरे, दरेकसाकडच्या चढावर नको. मे महिन्यात गाडी मधेच बंद पडून अर्ध्या तासाने आपोआप चालू होत असेल तर घाबरू नकोस. पेट्रोल लाइनमध्येच उकळतं, फियाटला ती जुनी सवय आहे. पंपावर ओलं फडकं ठेव.

आता कागदांचं. नागपूरच्या जुन्या गाड्यांच्या रसिक मंडळींनी तुला व्हिंटेज नंबर घ्यायला सांगितलंय म्हणे. जुलै 2021च्या नियमाप्रमाणे पन्नास वर्षांपुढच्या मूळ स्वरूपातल्या गाडीला 'व्हीए' असलेली खास पाटी मिळते, पहिल्या नोंदणीची फी वीस हजार. पण ती पाटी घेतलेली गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणायची. तुझ्या आजोबांनी ही गाडी पेशंट बघायला सालेकसा-देवरीपर्यंत फिरवली. तिला प्रदर्शनात उभी करायची असेल तर खुशाल घे ती पाटी. माझं मत विचारशील तर भंडाऱ्याच्या काळातलं गाडीचं जुनं आरसी पुस्तक शोध. तेव्हा गोंदिया जिल्हा व्हायचा होता, नोंदी तिकडच्याच असतील. साध्या नोंदणीचं नूतनीकरण करून फिटनेस काढ आणि जुना तीन अक्षरी नंबर राख. ते पुस्तक तुझ्या आजीच्या लोखंडी पेटीत असेल. सापडलं की मला कळव, आरटीओत मी सोबत येतो.

तुझा,
मामा